सायकलवरचं लाल कापड

पोलिओनं अधू झालेल्या पायासाठी नमितानं घडीच्या सायकलला मोटर बसवली आणि आता मोठी बॅटरीही. काल पेण स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "सायकल आत नाय चालायची. टपावर टाक." आडवी टाकली तर बॅटरीतलं ॲसिड सांडणार, म्हणून तिनं ती एसटी सोडून दिली आणि रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट बुडाली. आज तिनं सायकलची घडी केली आणि पेणचे गणपती झाकून नेतात तसं तिच्यावर लाल कापड बांधलं. तोच कंडक्टर धावत आला. "पुढची सीट सोडा रे, मूर्तीला धक्का नको." नमितानं घडी उभीच सीटवर ठेवली. रोह्याला त्यानं सगळ्यांना थांबवून तिला आधी उतरू दिलं, चपला काढून हात जोडले. तिनं त्याच्यासमोरच कापड सोडलं, सायकल उलगडली, मोटर चालू केली. "उद्या कापड नाय बांधणार," ती म्हणाली, "पण सीट हीच पायजे."