म्हशीचं दावं

"अहो, हात वर करा," म्हणत मालनने नवऱ्याच्या कमरेला म्हशीचं दावं आवळलं आणि त्याचं दुसरं टोक कयाकला, त्याच्या निमुळत्या होडीला बांधलं. हिंदुरावला धड पोहता येत नव्हतं आणि कृष्णा पुराने फुगली होती.

"वैनी, नीट बांधा, खुंटा उपटून पळंल!" शेजारच्या कयाकमधून तानाजी ओरडला.

हिंदुरावने वल्हं घट्ट धरलं. तीन वर्षं तो कयाकच्या शर्यतीत शेवटचा येत होता. यंदा पहिला आलो नाही तर मिशी काढीन, असं तो पारावर बोलून बसला होता. शर्यतीच्या शेवटच्या झेंड्याखाली न्हावी वस्तरा परजत उभाच होता.

शिट्टी झाली. समोरून वारा, खाली भोवरे. हिंदुरावने जीव खाऊन वल्हं मारलं आणि पहिल्याच भोवऱ्यात

उलटी झाली कयाक! वर गेले पाय, खाली गेली मिशी, वाहून गेलं वल्हं!

हलकी झालेली कयाक धारेला लागली आणि सगळ्यांना मागे टाकत सुसाट निघाली. मागोमाग दाव्याला लटकलेला हिंदुराव, गटांगळ्या खात. झेंडा सगळ्यांत आधी ओलांडला तो त्या दोघांनी.

"हे चालायचं नाही!" तानाजी पेटला.

पंचांनी नियमांचा भिजका कागद वाचला. "माणूस कयाकपासून सुटता कामा नये, एवढंच लिहिलंय. हा सुटलाय का?"

न्हाव्याने वस्तरा मिटला.

हिंदुरावने गाळाने माखलेल्या मिशीला पीळ भरला. "त्याचं काय आहे, मनगटात जोर लागतो..."

"ते राहू द्या," मालन गाठ सोडत म्हणाली. "दावं द्या आधी. म्हस सकाळपासनं मोकळी हिंडतीय."