आकडा हलेना

घाटात उलटलेल्या जीपमधून थत्तेसाहेब आणि टेक्निशियन बनकर कपडे झटकत बाहेर आले. अंगावर ओरखडासुद्धा नाही! पेटी उचलून दोघे पठारावर चढले. बनकरने तिवईवर पत्रा बसवला, त्यावर हवेतल्या लहरी मोजायचा दांडीचा अँटेना उभा केला आणि मीटर जोडला.

"साहेब, मागे सरका. माणूस जवळ असला की आकडा हलतो."

"हललाय कुठे?"

थत्त्यांनी दांडीजवळ हात नेला. आकडा ढिम्म. बनकरने तर दांडीला मिठीच मारली, तरी ढिम्म.

"बॅटरी उतरली असेल रे."

इतक्यात एक शेळी चरत जवळ आली आणि आकडा टुणकन उडाला.

थत्त्यांनी वळून खाली घाटात उलटलेल्या जीपकडे पाहिलं.

"बनकर, घरी फोन लाव."

"लावलाय, साहेब. बायको नुसतीच हॅलो हॅलो करतेय."