रिकाम्या मचाणाची तीन मिनिटं

"तिसऱ्यांदा मान वळली," बोरकर सर म्हणाले. "थांबव तिथंच."

पत्रूनं व्हिडिओ थांबवला. विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढं, भिंतीवरच्या पडद्यावर, दिव्यानीचाच चेहरा मोठा होऊन गोठला. शेतातलं मचाण, समोर मोबाईल, पाठीमागं धानाची बांधी, भाताचं खाचर. गावात रेंज नव्हती, म्हणून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा ऑनलाइन पेपर तिनं तिथून दिला होता. संगणकानं शेरा मारला होता: परीक्षार्थी वारंवार मागं बघते, आसपास दुसरा आवाज. आज कॉपी ठरली तर पूर्ण सत्र रद्द होणार होतं.

"उत्तरं कोण सांगत होतं?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाई, सर. बांधीत वाघ होता."

"व्हिडिओत तर दिसत नाही."

"मले आवाज आला. मग धान हललं."

समितीतल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग वरूनच ओरडायचं. पेपर सोडून खाली उतरायची काय गरज?"

"खाली आई धान कापत होती." दिव्यानीनं स्वतःच्या कानाला हात लावला. "तिले ऐकू येत नाई, मॅडम."

वाघाची कारणं सरांनी याआधीही ऐकली होती. या भागात पेपर चुकवणारा प्रत्येक जण वाघाचंच नाव घ्यायचा. त्यांनी फाईल पुढं ओढली. "पत्रू, एकदा परत लाव. आवाज वाढव."

पत्रू व्याघ्रप्रकल्पाच्या वेशीवरल्या मोहर्लीचा. विद्यापीठात संगणक सांभाळायला लागण्याआधी त्यानं सहा वर्षं पर्यटकांची जिप्सी चालवली होती. त्यानं आवाज वाढवला. खरखर, आणि त्यातून एक जाड, तुटक आवाज. ढांक. पुन्हा ढांक. पडद्यावरच्या दिव्यानीनं मागं पाहिलं, ती किंचाळली आणि दिसेनाशी झाली.

"बस. बंद कर."

पत्रूनं बंद केलं नाही. "सर, हा माणसाचा आवाज नाई. सांबर हाये. सांबर उगाच ओरडत नाई, वाघ दिसला तरच ओरडते." त्याचा हात माऊसवर तसाच होता. "अन् व्हिडिओ इथी संपत नाई. चेहरा दिसला नाई तरी पेपर तीन मिनिटं चालू राह्यते."

ती तीन मिनिटं कोणी पाहिलीच नव्हती.

पडद्यावर आता रिकामं मचाण होतं. दिव्यानीच्या डोक्याआड झाकलेली बांधी मोकळी झाली होती. लाल लुगड्यातली एक बाई वाकून कापत होती. तिच्या मागून एका सरळ रेषेत धान दुभंगत येत होतं. मग पिवळी पाठ वर आली. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. डावीकडून दिव्यानी धावत आली, धुऱ्याच्या बांधावरून, थेट वाघाच्या दिशेनं. तिनं आईला धरून उभं केलं, तिच्या हातातला विळा ओढून घेतला, आणि दोघी ओरडत जागेवरच उभ्या राहिल्या. वाघ थांबला. बराच वेळ थांबला. मग नाल्याकडं वळला.

पडदा काळा झाला.

बोरकर सरांनी फाईल मिटली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुझा पेपर आम्ही पुन्हा घेऊ," ते कसेबसे म्हणाले. "आणि आई? आई कशी आहे?"

"बाहेर व्हरांड्यात बसली हाये, सर." इतका वेळ ताठ उभी असलेली दिव्यानी दाराकडं वळली. "मी तिले खुणेनं सांगतलं, इथी माझा सत्कार हाये म्हणून."