सोमवारचं वाचन

“दीड ओळ? सगळी हयात घातली माणसानं इथं, आणि दीड ओळ?”

उषाताईंनी ‘परिसर-वार्ता’चा ताजा अंक टेबलावर आपटला. इतिहास विभागाचं ऑफिस त्याच सांभाळत. त्यांचा राग आला तसा जायचा, आज मात्र जाईना. विद्यापीठाच्या या हिंदी पत्रकात कुणाला पीएचडी मिळाली, कुणाची बढती झाली, कुणाकडे पाळणा हलला, सगळं छापून यायचं. विभागप्रमुख कृष्णराव सर आज निवृत्त होत होते. त्यांच्या वाट्याला आली दीड ओळ, तीही शेवटच्या पानावर सायकल स्टँडच्या सूचनेखाली. वर नावसुद्धा चुकीचं. कृष्णकांत.

“ताई, अब क्या?” शिपाई हरी म्हणाला. “सर चहाला येतीलच. वाचून काय दाखवणार?”

“बघते मी,” उषाताई म्हणाल्या.

हे वाचून दाखवण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. मध्यंतरी सर भिंतींना धडकायला लागले, कप समजून पेनस्टँड उचलायला लागले. शिकवायला काही अडचण नव्हती, सगळं तोंडपाठ. कुणी डोळ्यांचा विषय काढलाच तर म्हणायचे, “इंदुरात धूळ फार हो!” आता एवढ्या झाडून-पुसून ठेवलेल्या गावात कुठली आली धूळ? पण होळकरांच्या फौजेत नाव कमावलेलं घराणं, त्यातला हा मानी माणूस. मला दिसत नाही, असं कुणाच्या तोंडावर म्हणेल होय? सरांनी सांगितलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

विभागानं आपल्याच सवयी बदलल्या, झालं. खोलीत शिरताना प्रत्येकानं आपलं नाव घ्यायचं. “सर, नीरजा आले.” “सर, हरी, पाणी ठेवतोय.” खुर्च्या जागच्या हलवायच्या नाहीत. पायऱ्यांना हरीनं स्वतः पिवळी पट्टी चिकटवली. आणि दर सोमवारी चहाबरोबर परिसर-वार्ता मोठ्यानं वाचायची. पत्रक हिंदीत, पण विभागातले चौघंही मराठी, म्हणून उषाताई मराठीतच सांगायच्या. हा आपला जुना रिवाजच आहे, असं सगळे वागायचे.

गंमत अशी, की त्यात सगळ्यांना गोडी लागली. पूर्वी जो तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचा. आता सोमवारची वाट बघितली जायची.

आणि उपाय लागूही पडले! दिवाळीच्या सुट्टीत सर पुण्याला मुलीकडे, अस्मिताकडे, राहून आले आणि काळा चष्मा वापरायला लागले. तेव्हापासून एकदाही कुठं धडकले नाहीत. “पट्टीची कमाल आहे,” हरी ऐटीत सांगायचा. परवा तर पोह्यांच्या प्लेटा समोर आल्या, आणि सरांनी नेमकी जास्त शेववाली उचलली. “भिया, काय नाक आहे सरांचं!” हरी दिवसभर तेच बोलत होता.

दारात सरांची पावलं वाजली. शाल-श्रीफळ झालं. नीरजा विभागातली सगळ्यात नवी प्राध्यापक. ती पलासियातल्या बेकरीतून केक घेऊन आली होती, तोही कापून झाला. मग सर खुर्चीत रेलले. “चला उषाताई, होऊन जाऊ द्या शेवटचं वाचन.”

उषाताईंनी अंक उघडला. घसा साफ केला आणि वाचायला लागल्या.

“‘आज आपले कृष्णराव सर निवृत्त होत आहेत. फी भरता आली नाही म्हणून या विभागातून एकही मूल त्यांनी परत जाऊ दिलं नाही. देपालपुर, गौतमपुऱ्याहून बसनं येणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पहिला तास उशिरा ठेवला, त्यावरून वरच्यांची बोलणीही खाल्ली. रागावले खूप, पण कुणाचा पाणउतारा केला नाही. असा माणूस मिळाला, हे विद्यापीठाचं भाग्य. विद्यापीठ त्यांचं ऋणी आहे.’”

हरी नाक पुसत खिडकीकडे वळला. नीरजा तर उघड रडत होती.

सर खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, “भाषण वगैरे नको. एकच सांगतो. आल्याबरोबर माणसं आपणहून नाव सांगतात, अशा घरात माणूस एकटा पडत नाही. असं घर मला तुम्ही दिलंत. मी तुमचा फार आभारी आहे.” आणि त्यांनी हात पुढे केला. “तो अंक द्या मला. अस्मिताला वाचू दे.”

उषाताईंनी अंक छातीशी धरला. अस्मिता वाचणार म्हणजे बापाला ऐकवणार. दीड ओळ आणि चुकीचं नाव! ज्या माणसाला एवढं जपलं, त्याच्या जिव्हारी हा घाव शेवटच्या दिवशी बसायचा?

“सर, याच्यावर ना, चहा सांडलाय. चांगली प्रत उद्या घरी पोचवते.”

“असू द्या चहा.”

“सर, मी टाइप करून पाठवते ना अस्मिताताईंना,” नीरजा मध्ये पडली; अंक सकाळीच तिनंही वाचला होता. “छान मोठ्या अक्षरांत.”

“हाच द्या. तुमच्या हातचा आहे.”

आता नाही कशी म्हणणार? उषाताईंनी अंक दिला आणि देवाचं नाव घेतलं. सरांनी काळा चष्मा काढला, रुमालानं डोळे टिपले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरांनी सावकाश शेवटचं पान उलटलं.

“उषाताई,” ते म्हणाले, “सायकल स्टँडच्या सूचनेखालची ही दीड ओळ मराठीत एवढी लांब कशी हो झाली?”