जावयाचं यंत्र

सासऱ्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर नेमकं किती वेळ उघडं राहतं, हे मोजायला जावयाने घरच्या घरी यंत्र जुळवलं होतं: बागेतल्या दिव्याचा सेन्सर, एक टॉर्च आणि लॅपटॉप. मोठ्या ऐटीत त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली, तर आत रोल. सासूबाईंच्या साठाव्या वाढदिवसाचा, अजून न धुतलेला.

त्याने पाठ झटकन मिटली, पण रोलला उजेड लागायचा तो लागलाच. तेवढ्यात सासरे आत आले.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र, जावईबापू?"

यंत्र अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं.

"शटर पार ढिलं झालंय, बाबा. वाढदिवसाचे फोटो काही येतील असं वाटत नाही."

मग सासऱ्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हेच तुमच्या सासूबाईंना सांगाल? आकडे-बिकडे घालून, पटेल असं सांगा. छत्तीसच्या छत्तीस फोटो मी लेन्सचं टोपण न काढताच काढलेत."