बोटीपुरतं वय

सेहेचाळीस सालचा मे संपत आला होता. पावसाळ्याआधीची शेवटची बोट म्हणून वेंगुर्ल्याचं भाडं उतरलं होतं, पण सोनईच्या यशया मास्तरांचं तेवढ्यानं समाधान होईना. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट पडत नव्हतं. श्रीरामपूरहून मुंबईपर्यंत गाडीत त्यांनी सहा वर्षांच्या लेकीकडून, दयाकडून, रविवारच्या शाळेत प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचे तसं, घोकून घेतलं.

"वय किती?"

"अडीच."

"आणि पाय?"

"पोटाशी."

शालीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन त्यांनी तिला बोटीवर चढवलं. तपासनिसानं वय विचारलं. दयानं न अडखळता सांगितलं.

"पहिलीच बोट, आणि दोन तिकिटांत तिघं," मास्तर खुशीत बायकोला म्हणाले.

"अहो, पण लेकराला खोटं बोलायला शिकवलंत," एलिझाबेथ म्हणाली.

"बोटीपुरतंच गं."

दुपारी वारा फिरला. डेकवरच्या ट्रंका आपोआप इकडून तिकडे सरकायला लागल्या, तेव्हा एक खलाशी पाण्यावर तरंगणारे बुचाचे पट्टे घेऊन आला.

"छातीला घट्ट बांधा. पट्टे कमी आहेत, तिकिटाला एकच मिळेल."

मास्तरांनी तिकिटं दाखवली. खलाशानं त्यांच्यापुढं दोन पट्टे टाकले आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

दयानं शालीतून पाय बाहेर काढले.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "आता खरं वय सांगू का?"