शिवगंगाची चिठ्ठी

"मामा, आधी सुनेनं उचलायची, ही कुठली रीत?" शिवगंगा हसत म्हणाली.

"आमच्या घरची हाय," गुंडप्पा म्हणाले आणि चिठ्ठ्या टाकलेला तांब्या त्यांनी देव्हाऱ्यापुढं ठेवला.

उद्या लातूरला कागद करायचा होता. लातूर जिल्हा झाला ते एक बरं झालं, न्हाईतर उस्मानाबादला हेलपाटे घालावे लागले असते. वकिलानं बजावलं होतं, तुम्ही नवराबायको मस्कतला राहता, इथली जमीन सामाईक ठेवू नका. एकेक रान एकेकाच्या नावावर करा. एकाचं बुडालं तरी दुसऱ्याचं वाचेल.

रानं दोनच. एक विहिरीचं, या दुष्काळातही पाणी धरून असलेलं. दुसरं माळाचं, तिथं कुसळसुद्धा धड उगवत न्हाई. मस्कतला जायच्या आधी दोन्ही घेतली होती ती शिवगंगाच्या नर्सच्या पगारातून.

गुंडप्पांचा मुलगा विरूपाक्ष मनानं सोन्यासारखा, पण निव्वळ भोळा सांब. कुणी कागद पुढं केला की सही ठोकून मोकळा! तसंच तिकडचं दुकान घालवून सहा महिने घरात बसला होता. विहीर त्याच्या नावावर किती दिवस टिकेल, हे बापाला पक्कं ठाऊक. ती सुनेकडंच जायला पायजे होती. पण सरळ देतो म्हटलं तर तिनं घेतली असती का? छे! म्हणून चिठ्ठ्यांची टूम गुंडप्पांनीच काढली. पाठ फिरवून त्यांनीच त्या लिहिल्या आणि महादेवाला हात जोडले, "चुकलंमाकलं पदरात घे, बाबा."

शिवगंगानं चिठ्ठी उघडली. वाचली. मग नवऱ्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत बसला होता.

"माळाचं," ती म्हणाली आणि चिठ्ठी चुरगळून तिनं कमरेला खोचली.

"काय?" गुंडप्पा ओरडलेच. "नीट वाच की माय!"

"माळाचंच हाय, मामा. विहीर ह्यांची." तिनं सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. "ह्यांच्या नावावर काहीतरी चांगलं असावं, असं लई वाटत होतं. महादेवानं ऐकलं बघा."

विरूपाक्ष सहा महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसला. "तुझ्या माळाला पाणी मीच सोडतो की!" तो बायकोला म्हणाला आणि त्यानं तांब्यात हात घातला. "बघू तर माझी."

गुंडप्पांनी चिठ्ठी हिसकावून घेतली. "एक कळली की दुसरी कळली. आता काय बघायचंय?"

ते पान खायचं निमित्त काढून ओसरीवर गेले. डोळे भरून आले होते. चंचीत ठेवण्याआधी त्यांनी ती चिठ्ठी एकदा उघडून पाहिली.

दोन्ही चिठ्ठ्यांवर त्यांनी विहीरच लिहिली होती.